माथ्यावरचं कमळ: पुनर्विकास समितीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न असा आला आहे: "आमच्या गिरगावातल्या चार चाळींचा एकत्र पुनर्विकास होतोय. बिल्डरच्या आर्किटेक्टने छप्पन्न मजली टॉवरच्या माथ्यावर उमललेलं कमळ दाखवलंय. सोबत क्वालालंपूरचे पेट्रोनास टॉवर, तैपेई १०१, दुबईचं शिडाचं हॉटेल यांचे फोटो. म्हणाले, सगळ्या देशांनी आपली ओळख उंच इमारतीत उभी केली, आता आपली पाळी. समितीत दोन तट पडलेत. जुनी मंडळी खूश आहेत, पोरं विचारतायत मेंटेनन्स कोण भरणार. तुमचं मत काय?"

दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर, असं म्हणून मला निसटता आलं असतं. पण मी पोरांच्या बाजूचा आहे. तीस वर्षं मुंबईत उंच इमारतींचं स्ट्रक्चरल डिझाईन करतोय, आणि अशाच एका माथ्यावरच्या हौसेने माझेही हात पोळलेत. ते पुढे सांगतो. आधी तुम्हाला दाखवलेले फोटो नीट बघू, कारण फोटोत नेमकं महत्त्वाचं तेच दिसत नाही.

पेट्रोनासपासून सुरू करू. कागद घ्या, एक चौकोन काढा, तेवढाच दुसरा चौकोन पंचेचाळीस अंशांत फिरवून त्यावर ठेवा. आठ टोकांची चांदणी झाली. इस्लामी नक्षीकामातला हा जुना आकार. मलेशियाला अमेरिकेतल्या टॉवरची नक्कल नको होती, पंतप्रधान महाथीर मोहम्मद यांचं त्यात जातीने लक्ष होतं, आणि आर्किटेक्ट सेझार पेली यांनी ही चांदणी थेट मजल्याच्या नकाशात घेतली. पण नुसत्या चांदणीत एक गोची होते. टोकांमध्ये टेबलसुद्धा धड बसत नाही, आणि दोन टोकांमधल्या खाचा जागा खातात. म्हणून त्या आठही खाचांत गोलाईचे तुकडे भरले. चांदणी चांदणीच राहिली आणि भाड्याने देण्याजोगी जागा वाढली.

मग तो आकार उभा कशावर करायचा? परिघावर सोळा गोल कॉलम, खाली २.४ मीटर व्यासाचे, वर जाताना १.२ मीटरपर्यंत बारीक होत गेलेले, आणि मधे काँक्रीटचा कोअर, म्हणजे लिफ्ट-जिने पोटात घेतलेला भिंतींचा गाभा. अमेरिकेत असता तर हा टॉवर बहुधा स्टीलचा झाला असता. मलेशियात स्टील बाहेरून आणावं लागलं असतं, आणि काँक्रीटचं काम करणारे हात घरचे होते. म्हणून आपल्या भाषेत एम-८० म्हणता येईल असं जास्त ताकदीचं काँक्रीट वापरून ४५२ मीटर, ८८ मजले चढवले. खाली चुनखडीचा खडक, तोही उतरता आणि पोकळ्यांचा. जागा तपासल्यावर दोन्ही टॉवर मूळ ठिकाणापासून सुमारे ६० मीटर सरकवले आणि साडेचार मीटर जाडीचा राफ्ट, म्हणजे पायाची सलग लादी, घातला. १९९८ मध्ये काम पूर्ण झालं. माथ्यावर कळसही आहे, पण तो या सगळ्यानंतर आला.

आणखी एक. पायथ्याशी उभं राहून ती चांदणी पूर्ण दिसतच नाही. ती बघायला पक्षी व्हावं लागेल, नाहीतर आग लागल्यावर बाहेर कसं पडायचं त्याचा नकाशा वाचावा लागेल. तरी ती प्रत्येक मजल्यावर आहे, कारण ती काढली तर इमारतच उरत नाही.

तैपेई १०१ चा फोटो लोक समोरून काढतात. आठ-आठ मजल्यांचे आठ खंड, प्रत्येक खंड वरच्या बाजूला जरासा फाकलेला. कुणाला त्यात बांबूची पेरं दिसतात, कुणाला पॅगोडा. आठ हा आकडा चिनी लोकांत भरभराटीचा मानतात. माझ्यासारख्याचं लक्ष मात्र कोपऱ्यांकडे जातं. उंच चौकोनी इमारतीवर वारा समोरून आला, तरी ती डुलते आडवी, कारण धारदार कोपऱ्यांवरून हवेचे भोवरे आळीपाळीने सुटतात, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. तैपेईत कोपरे सरळ न ठेवता करवतीच्या दातांसारखे पायऱ्यांत कापले. विंड टनेलच्या, म्हणजे छोट्या नमुन्यावर वारा सोडून केलेल्या, चाचण्यांत वाऱ्याचा जोर त्यामुळे सुमारे पाव हिश्शाने कमी झाला. पारंपरिक दिसणारा तो कोपरा पायातलं स्टील वाचवतोय.

एवढं करूनही वादळांच्या देशात ५०८ मीटर म्हणजे चेष्टा नव्हे. ८७ ते ९२ या मजल्यांच्या दरम्यान ६६० टनांचा, साडेपाच मीटर व्यासाचा स्टीलचा गोळा टांगलेला आहे. इमारत एकीकडे झुकली की तो मागे राहून तिला आवरतो. ऑगस्ट २०१५ मधल्या सौडेलोर वादळात तो तब्बल एक मीटर हलला. दुसरा कुणी असता तर यंत्र खोलीत लपवलं असतं. तिथे लोक तिकीट काढून ते बघायला जातात. त्या टॉवरवर चिकटवलेली चिन्हंही आहेत बरं का, जुन्या नाण्याच्या आकाराच्या मोठ्या चकत्या वगैरे. उद्या त्या उतरवल्या तर तुम्हाला-मला कळणारही नाही.

आता तुमच्या सादरीकरणात नसलेला एक किस्सा. शांघायच्या वर्ल्ड फायनान्शियल सेंटरच्या माथ्याशी, वाऱ्याला वाट म्हणून, गोल भोक ठेवायचं ठरलं होतं. आर्किटेक्टच्या मनात चिनी बागेतलं चंद्रद्वार होतं. पण बांधणारी कंपनी जपानी. शांघायकरांना त्या गोलात चंद्र दिसेना, जपानच्या झेंड्यावरचा सूर्य दिसू लागला, आणि तोही शहराच्या डोक्यावर! युद्धाच्या आठवणी असलेल्या गावात हे कोण चालवून घेणार? भोक चौकोनी करावं लागलं, वर रुंद आणि खाली अरुंद. २००८ मध्ये ४९२ मीटरची इमारत उघडली आणि लोकांनी तिला नाव दिलं, बाटली उघडायची चावी.

कमळाबद्दल मी यापेक्षा जास्त बोलत नाही. फूल राष्ट्रीय आहे हे खरं. पण आपल्याकडे ते मतदान यंत्रावरही आहे. तुमच्या चार चाळींत सगळे एकाच बटणाचे आहेत का, ते तुम्हीच बघा. निवडणुकीच्या महिन्यात त्या माथ्यावर रात्री गुलाबी दिवे लागले, की चर्चगेटच्या लोकलमधले लोक त्याचा अर्थ आर्किटेक्टला विचारून लावणार नाहीत.

न्यूयॉर्कवाल्यांनी आकार सोडून आकडा धरला. वन वर्ल्ड ट्रेड सेंटरची उंची १७७६ फूट, कारण त्यांची स्वातंत्र्याची घोषणा १७७६ सालची. छताचा कठडा १३६८ फुटांवर, पडलेल्या उत्तर टॉवरइतका. वरचे चारशे फूट म्हणजे एक काठी. काम चालू असताना त्या काठीभोवतीचं आवरण रद्द केलं, आणि वाद पेटला: हा इमारतीचा कळस, की नुसता अँटेना? अँटेना उंचीत धरत नाहीत. २०१३ मध्ये उंच इमारतींच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने कळस म्हणून मान्यता दिली, तेव्हा कुठे १७७६ टिकले. मीटरमध्ये ती उंची ५४१.३ होते, आणि त्या आकड्याला काहीही अर्थ नाही.

बुर्ज खलिफाबद्दल सांगतात, की तीन पाकळ्यांच्या वाळवंटी फुलावरून नकाशा घेतला. असेलही. पण मधला कोअर आणि त्याला तीन बाजूंनी टेकू देणारे तीन पंख, ही रचना ८२८ मीटरला अगदी फुकट मिळाल्यासारखी पक्की आहे, आणि वर जाताना पंख एकेक करून आखडतात त्याने वाऱ्याला एका लयीत ढकलता येत नाही. फुलाची गोष्ट छान आहे, म्हणून ती सांगितली जाते. तिथेही वरचे २४४ मीटर राहण्याजोगे नाहीत.

आता शिडाची गोष्ट. दुबईचं बुर्ज अल अरब, १९९९, ३२१ मीटर. अरबी गलबताच्या शिडासारखं दिसतं. ते पांढरं शीड खरोखर कापडाचं आहे, टेफ्लॉनचा थर दिलेलं काचतंतूंचं कापड. आतल्या प्रचंड चौकाची ती भिंत आहे. दिवसा ती ऊन गाळून आत मऊ उजेड सोडते. म्हणजे शीड तिथे कामाला आहे.

पश्चिम उपनगरातल्या एका इमारतीवर आम्हीही एक शीड लावलं. साल सांगत नाही, बिल्डरचं नावही नाही. मराठा आरमाराची आठवण म्हणून बावीस मजल्यांवर अकरा मीटर उंच शीड, लोखंडी सांगाडा आणि त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे. सांगाड्याचं डिझाईन माझ्या ऑफिसातून गेलं. वाऱ्याचं गणित चोख होतं, आजही काढून दाखवतो. मुंबईसाठी आपल्या कोडप्रमाणे मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटरच्या आसपास. त्यावर उंचीचा वाढावा धरून सांगाड्याचे सगळे दांडे तपासले होते. गणितात पास झालो.

सातव्या पावसाळ्यानंतर सेक्रेटरींचा फोन आला. वर गेलो. सांगाड्याचे पाय गच्चीच्या स्लॅबमध्ये बोल्टने रोवलेले, म्हणजे वॉटरप्रूफिंगला आम्हीच सोळा भोकं पाडली होती. प्रत्येक पायाच्या प्लेटवर दोन त्रिकोणी पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांच्या बेचक्यात पाणी साचून लोखंडाचे पापुद्रे सुटलेले. बोटाने ओढला तर जुन्या वहीच्या पुठ्ठ्यासारखा थर हातात आला. पत्रा ॲल्युमिनियमचा, स्क्रू लोखंडी, वर खारी हवा: जिथे जिथे दोघं चिकटले होते तिथे पांढरी भुकटी. खालच्या मजल्यावरच्या आजी मला हॉलमध्ये घेऊन गेल्या. सोफ्याच्या बाजूला पितळी परात ठेवलेली. "जून ते सप्टेंबर ही इथेच असते," म्हणाल्या, "आणि रात्री वर कुणीतरी पत्रे वाजवतं." वाजवत होता तो वारा.

दुरुस्ती करायची तर शिडाच्या बाहेरच्या अंगाला माणूस पोचणार कसा? आम्ही गोंडोलाला, म्हणजे गच्चीवरून सोडायच्या यांत्रिक पाळण्याला, जागाच ठेवली नव्हती. रंगाऱ्याचा पाळणा बांधायचा तर दोर अडकवायला शिडापेक्षा उंच काही नाही. शेवटी बांबूची परांची बांधली, बावीस मजल्यांच्या वर आणखी अकरा मीटर, आणि दुरुस्ती सोडून ते शीड तुकड्या-तुकड्याने उतरवलं. खर्च सोसायटीने वर्गणी काढून केला. बिल्डर मोकळा झाला होता. आज रेरा हा घर घेणाऱ्यांसाठीचा कायदा आहे, ताबा दिल्यापासून पाच वर्षं स्ट्रक्चरच्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर असते. पण आमचं शीड सातव्या वर्षी बोललं. मी त्या कामाची फी आधीच घेतली होती, आणि ती परात अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मग मुंबईत असं काही का झालं नाही, हा तुमच्या आर्किटेक्टचा टोमणा. झालं की. बोरीबंदरच्या स्टेशनाच्या फाटकावर एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ आहे. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे हिंदुस्थान. १९१३ मध्ये पुरं झालेलं जीपीओ बघा, त्याचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला. राज्य त्यांचं, पैसा सरकारी, आणि प्रजेला आपलंसं वाटावं म्हणून प्रजेच्याच इमारतींचे घुमट. देशाचं चिन्ह उभं राहतं तिथे मालक एक असतो, आणि बहुतेक वेळा तो सरकार असतो किंवा सरकारच्या खिशाजवळचा असतो. पेट्रोनास ही मलेशियाची सरकारी तेल कंपनी. आपले टॉवर फ्लॅट विकायला बांधलेले. चौरस फुटाला भाव मिळतो, चांदणीला मिळत नाही.

दुसरं कारण कुणी सादरीकरणात सांगत नाही. विमानतळ प्राधिकरणाच्या एनओसीवर, म्हणजे ना-हरकत दाखल्यावर, उंचीची मर्यादा असते. तो आकडा तुमच्या रस्त्यापासून मोजलेला नसतो, समुद्रसपाटीपासून असतो. आणि त्याच्या आत सगळं यावं लागतं: जिन्याची खोली, पाण्याची टाकी, वीजवाहक सळी, आणि तुमचं कमळ. परळचा वर्ल्ड वन ४४२ मीटरचा आखला होता, उंचीची परवानगी मिळाली नाही आणि तो २८० मीटरवर थांबला. चर्नी रोडला, तुमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, सातशे मीटरचा टॉवर जाहीर झाला होता. नावच इंडिया टॉवर. देश थेट नावात होता. परवानग्यांच्या वादात काम थांबलं आणि प्रकल्प गुंडाळला गेला.

राष्ट्रीय चिन्ह मुंबईत नीट जमलेलं बघायचं असेल तर वर न बघता विमानतळाच्या टर्मिनल दोनमध्ये जा. २०१४ मध्ये उघडलं. अवाढव्य छत आणि खाली फक्त तीस खांब, वर जाताना मोराच्या पिसाऱ्यासारखे पसरून छतात विरघळणारे. छताच्या खणांत मोराच्या पिसाऱ्यावरून घेतलेली नक्षी, तिच्यातून उजेड खाली ठिपक्याठिपक्यांनी पडतो. मोर तिथे खांब आणि खिडकी अशी दोन्ही कामं करतो. नवी मुंबईच्या नव्या विमानतळाची कल्पना कमळावरून घेतली आहे. तिथेही मालक एक आणि छत आडवं. आडव्या छताला जे परवडतं ते छप्पन्नाव्या मजल्यावर परवडेलच असं नाही.

आणि निवासी टॉवरच हवा असेल तर कंबाला हिलवरचं कांचनजंगा. १९८३, चार्ल्स कोरिया यांचं डिझाईन, स्ट्रक्चर शिरीष पटेल यांचं. एकवीस मीटरचा चौकोन, ८४ मीटर उंची, फक्त ३२ घरं. ना घुमट, ना कमळ. कोरियांनी जुन्या बंगल्याचा व्हरांडा उचलला आणि वरच्या मजल्यांच्या कोपऱ्यांत दोन-दोन मजले उंचीचा ठेवला. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, पाऊस आणि दुपारचं ऊनही तिकडूनच. वारा हवा, बाकी दोन नकोत. खोल व्हरांडा नेमकं तेच करतो. त्यासाठी कोपऱ्यातला कॉलम काढून टाकला आणि स्लॅब बाहेर झुलत ठेवला. बारीक चौकोनी इमारतीत हे करायला छाती लागते. मी कॉलेजात असताना रस्त्याच्या पलीकडे उभं राहून ते कोपरे मोजले होते, आणि कॉलम कुठे गेला ते शोधत बसलो होतो.

तुमच्या चाळीतही ती गोष्ट आहेच. ती लांबलचक गॅलरी, जिच्यात पापड वाळतात आणि गणपतीची आरती होते, ती उन्हापावसाला थोपवून वारा आत सोडते. २०१२ नंतर बाल्कनीपासून फ्लॉवर बेडपर्यंत सगळं एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर परवानगी असलेल्या बांधकामाच्या क्षेत्रात, मोजलं जातं, म्हणून बिल्डर तुम्हाला गॅलरी देताना हात आखडतो आणि आकाशात कमळ द्यायला तयार होतो. प्लॅन परत उघडा आणि बघा: कमळ बहुधा सेल विंगवर, म्हणजे बाहेर विकायच्या फ्लॅटांच्या इमारतीवर, आहे. तुम्हा जुन्या रहिवाशांच्या रिहॅब विंगच्या गच्चीवर टाक्या आणि सोलरच्या नळ्याच असतील. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की बघायच्या आधी पैज लावतो.

रविवारच्या सभेत भांडू नका. एनओसीची प्रत मागा आणि कमळाची उंची मीटरमध्ये विचारा. चौदा मीटर म्हणाले, तर त्या उंचीत चार मजले बसले असते, ते कोणाचे गेले ते विचारा. गॅलरी दोन फुटांनी रुंद होईल का, हेही त्याच दमात विचारा. पाकळ्या कशाच्या, आतला सांगाडा कशाचा, बाहेरच्या अंगाला गोंडोला कुठून उतरणार, दहाव्या वर्षी रंगाचा खर्च कॉर्पसमध्ये, म्हणजे सोसायटीच्या देखभालीच्या ठेवीत, धरलाय का. हे सगळं सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. आणि उमललेल्या पाकळीच्या खोबणीत जुलैचं पाणी साचेल ते कुठल्या पाइपने खाली येणार, तो पाइप आर्किटेक्टला ड्रॉइंगवर बोट ठेवून दाखवायला सांगा.